रोग एकाच्या बागेत, प्रश्न साऱ्या गावाचा

डाळिंबाच्या पानावर वा फळावर तेलाचा थेंब पडावा तसा एक ओलसर डाग उमटतो. पुढे तो काळपट होतो, फळाची साल तडकते आणि वर्षाचा खर्च, श्रम व उमेद या तिन्हींवर पाणी पडते. सोलापूर, सांगली, नाशिक या जिल्ह्यांतील बागायतदार याला 'तेल्या' म्हणतात. झँथोमोनास वंशातील एक जिवाणू हे या रोगाचे कारण होय. त्याची भारतातील पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीची. चालू शतकाच्या पहिल्या दशकात त्याने महाराष्ट्रातील बागा उद्ध्वस्त केल्या. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न जितका वनस्पतिशास्त्राचा, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

जिवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतो, हे शास्त्रज्ञांनीही सहजासहजी मान्य केले नाही. अमेरिकेत टॉमस बरिल यांनी १८७८ च्या सुमारास नासपतीच्या एका रोगाचा संबंध जिवाणूंशी जोडला; तरी शतकाच्या अखेरीसही आल्फ्रेड फिशर हे जर्मन शास्त्रज्ञ ते नाकारीत होते. आज या रोगांची रीत पुष्कळशी उलगडली आहे. अनेक बुरशींप्रमाणे झाडाची त्वचा भेदण्याचे सामर्थ्य या जिवाणूत नाही. तो उघडे दार शोधतो : पर्णरंध्रे, छाटणीची जखम, गारांचा मार. आत शिरल्यावर सुईसारख्या सूक्ष्म नळीतून तो आपली प्रथिने पेशीत सोडतो आणि झाडाची प्रतिकारशक्ती लुळी पाडतो. अर्थात सारेच जिवाणू वैरी नव्हेत. भुईमूग व तुरीच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम हवेतील नत्र पिकास मिळवून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून शर्करा घेतात. तो व्यवहार आहे. ही लूट आहे.

या लुटीचा प्रसार वाऱ्यापावसाच्या शिंतोड्यांतून व छाटणीच्या कात्रीवरून होतो. पण दूरचा प्रवास होतो तो गुटी कलमांतून. रोगट बागेतले कलम वरकरणी निरोगी दिसू शकते. खरेदीदाराला चांगले-वाईट ओळखता येत नसेल, तर तो चांगल्या मालाला जादा दाम देत नाही. मग काळजीपूर्वक कलमे करणारा मागे पडतो आणि स्वस्त, संशयास्पद माल बाजार व्यापतो.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी आपली रोगट बाग मुळासकट काढून जाळली. शेजाऱ्याने मात्र 'यंदाचा बहार तरी पदरात पडू दे' म्हणून आपली ठेवली. पुन्हा डाळिंब लावावे की नाही, या विचारात ते कुटुंब आजही आहे. शेजाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण बाग काढण्याचा तोटा संपूर्णपणे त्याचा आणि लाभ साऱ्या शिवाराचा, असा हा हिशेब असेल, तर केवळ सद्बुद्धीवर विसंबून कसे चालेल?

केवळ सक्तीही पुरेशी नाही. याच वंशातील जिवाणूमुळे लिंबूवर्गीय झाडांना होणाऱ्या 'खैऱ्या' रोगाविरुद्ध अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने मोहीम काढली. २००० पासून रोगट झाडाभोवतालच्या १,९०० फुटांतील लिंबूवर्गीय झाडे, निरोगी असली तरी, तोडण्यात येऊ लागली. घरमालक न्यायालयांत गेले, २००४ व २००५ मधील चक्रीवादळांनी रोग दूरवर फेकला आणि २००६ साली ती मोहीम सोडून द्यावी लागली.

मग मार्ग कोणता? सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. रोगमुक्त रोपे, अवशेषांचा नाश, कात्रीचे निर्जंतुकीकरण, बोर्डो मिश्रणाची फवारणी, पावसाळी मृग बहार टाळणे, हे उपाय ज्ञात आहेत. उणीव ज्ञानाची नाही, व्यवस्थेची आहे. कलमे विकणाऱ्या प्रत्येक रोपवाटिकेची तपासणी व्हावी. बागेची स्वच्छता व विश्रांती गावाने एकत्रितपणे ठरवावी. आणि इतरांच्या हितासाठी जो आपली बाग तोडतो, त्याच्या तोट्याचा वाटा समाजाने उचलावा. ही भरपाई म्हणजे दान नव्हे, साऱ्या शिवाराच्या संरक्षणाची ती किंमत आहे. जिवाणू बांध ओळखत नाही. आपला हिशेब मात्र अजून बांधापाशीच थांबतो.