आंबट चेरीचा गडद रंग

डेब्रेत्सेन (हंगेरी), जुलै

हंगेरीच्या पूर्वेकडच्या या शहरात सध्या मंडईभर आंबट चेरी आहे. इथले लोक तिला ‘मेज्ज’ म्हणतात. गोड चेरी येता-जाता तोंडात टाकायची, पण मेज्ज स्वयंपाकघरात जाते. साखर, दालचिनी आणि लवंग घालून ती शिजवतात, त्यात आंबट साय मिसळतात आणि गार करून जेवणाच्या सुरुवातीला सूप म्हणून वाढतात. उरलेल्या फळांचा मुरंबा होतो किंवा बरण्या भरल्या जातात. बिया काढताना रस नखांत शिरतो आणि धुतल्यावरही डाग राहतो. या पत्राचा विषय तोच रंग आहे.

हंगेरीची जुनी नामांकित जात म्हणजे पांदी. फळ मोठं आणि चवीला उत्तम, पण झाडाला स्वतःच्या परागांनी फळ धरत नाही. शेजारी दुसरी जात लावावी लागते आणि तरीही उतारा कमीच. म्हणून इथून उत्तरेला, उयफेहेर्तो गावच्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी खेड्यापाड्यांतली चांगली झाडं हुडकली. ‘उयफेहेर्तोई फ्युर्तोश’ ही घोसांनी लगडणारी जात त्यातूनच आली. तिला परक्या परागांची गरज नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधक एमी इझोनी यांनी ती तिकडे नेली आणि ‘बॅलटन’ या नावाने ती तिथल्या बागांत रुजली. अमेरिकेत तोवर जवळपास सगळीकडे माँमोरन्सी होती. तिची साल लाल असते, पण गर फिकट. बॅलटन मात्र आतपर्यंत गडद असते.

हा गडदपणा अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, आणि आंबट चेरीत त्यांतली बहुतेक सायनिडिनपासून बनलेली असतात. डेब्रेत्सेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हंगेरियन जाती शेजारी शेजारी ठेवून त्यांतली रंगद्रव्यं मोजली आणि ती अल्फा-अमायलेज या विकराला किती अडवतात तेही तपासलं. हे विकर आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात असतं. भात-भाकरीतल्या पिष्टाची साखर करायला तेच सुरुवात करतं. त्याचा वेग कमी झाला, तर जेवणानंतर रक्तातली साखर सावकाश चढते. मधुमेहावरचं अकार्बोज हे औषधही पिष्ट पचवणाऱ्या विकरांनाच आवर घालतं.

मला हे काम महत्त्वाचं वाटतं. अँथोसायनिन रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे परीक्षानळीत दिसलेला अँटिऑक्सिडंट गुण शरीरात तसाच उतरेल असं धरता येत नाही. अमायलेजचं काम मात्र तोंडात आणि आतड्यात चालतं. तिथे रंगद्रव्याला रक्तापर्यंत पोचावंच लागत नाही, अन्नात मिसळलं की पुरे. तरीही परीक्षानळीतला परिणाम म्हणजे औषध नव्हे. चेरीच्या पदार्थांवर रोग बरे करण्याचे दावे छापणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये ताकीद दिली, ती योग्यच होती. शिवाय उष्णतेने आणि साठवणुकीत हे रंगद्रव्य घटत जातं आणि मुरंब्यात साखर ओतलेली असते. मधुमेहाच्या माणसाने मुरंब्याच्या बरणीवर भरवसा ठेवून गोळी सोडू नये.

हे वाचताना कोकणातल्या वाचकाला कोकम आठवलं असेल, आणि ते बरोबरच आहे. कोकमाचा लाल रंगही सायनिडिनचाच, फक्त त्याला जोडलेल्या शर्करा थोड्या निराळ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या आहेत. आपल्याकडे जातीची चर्चा निघाली की उत्पन्न आणि फळाचं वजन आधी विचारलं जातं. इथे मला पटलं ते असं, की फळ एकच असलं तरी दोन जातींच्या सालीत आणि गरात मोठा फरक असतो आणि तो मोजला तरच कळतो. कोकमाची कलमं निवडणाऱ्या बागायतदारांनी आणि संशोधकांनी वजनाच्या रकान्याशेजारी रंगद्रव्याचा एक रकाना ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती.