तयार गेमिंग संगणक बिघडला तर दाद कोणाकडे?

संगणक घ्यायची गोष्ट निघाली की आमच्या घरांतून पहिला प्रश्न येतो किमतीचा. त्यात मुलगा किंवा मुलगी ‘गेमिंगचा घ्या’ म्हणाली, की दुसरा प्रश्न ठरलेला: ‘बाप्पा, खेळासाठी एवढा पैसा?’ माता-पित्यांना आम्ही प्रथम हे सांगू इच्छितो की ‘गेमिंग’ हे दुकानातले नाव आहे. ज्या यंत्रावर खेळ चालतो त्याच यंत्रावर पॉलिटेक्निकच्या मुलांचे आराखडे, लग्नाच्या व्हिडिओची जुळणी आणि अ‍ॅनिमेशनची कामे होतात. त्यात एक वेगळे ग्राफिक्स कार्ड असते आणि किंमत वाढते ती मुख्यतः त्यामुळेच. पण साठ-सत्तर हजार म्हणजे कष्टकऱ्याच्या घरची कित्येक महिन्यांची बचत, नाहीतर दोन वर्षांचे हप्ते. म्हणून यंत्र किती वेगवान आहे याआधी, ते बिघडले तर जबाबदारी कोण घेणार, हे पाहिले पाहिजे.

असे यंत्र घेण्याच्या दोन वाटा आहेत. एक, कंपनीने जोडून दिलेले तयार यंत्र. दुसरी, सुटे भाग घेऊन स्वतः किंवा जाणकाराकडून असेंबल करून घेणे. ही दुसरी वाट काही चोरवाट नव्हे. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून बनवला. पुढे १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्ड व पॉवर सप्लाय यांची मापे ठरवणारे एटीएक्स हे मानक आणले. त्यामुळेच आज एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो.

अमरावतीत आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. वडील ऑटो चालवतात, मुलगी अ‍ॅनिमेशन शिकते. हप्त्यावर तयार यंत्र मागवले. खोके आले, काचेतून रंगीत दिवे लागले, शेजारीपाजारी पाहून गेले. चौथ्या दिवसापासून रडगाणे सुरू झाले. साधे काम असले की यंत्र ठीक चाले, पण जड काम लावले की अर्ध्या तासात एकदम बंद पडून पुन्हा सुरू होई. तोपर्यंत केलेले काम गेलेच. कंपनीला फोन केला तर ‘विंडोज पुन्हा टाका’ असे उत्तर मिळाले. टाकले. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. असे तीनदा झाले आणि माल परत करण्याची मुदत तेवढ्यात संपून गेली. मग स्वखर्चाने कुरिअर केले. यंत्र परत आले ते ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन.

फोनवरचा माणूस मुद्दाम वेळ काढत होता असे आम्ही म्हणत नाही. पण मुदतीचे दिवस जात असतात ते गिऱ्हाइकाचे, हे मात्र खरे. आणि ‘दोष आढळला नाही’ यातही नवल नाही. असा दोष भार पडल्यावरच दिसतो. कारखान्यात यंत्र सुरू करून पडदा पाहिला, की ते चांगलेच दिसणार.

सुदैवाने मुलीचा मावसभाऊ अकोल्याला असतो आणि त्याने स्वतःचे यंत्र स्वतः जोडलेले आहे. त्याने सांगितले, ‘ताई, आधी त्यांना लिहून विचार, कॅबिनेट उघडले तर वॉरंटी जाते काय?’ ई-मेलवर होकार आल्यावरच त्याने झाकण काढले. आत काय होते? महागड्या कार्डाला वीज देणारा एसएमपीएस अगदी हलका, फारसे कोणी नाव न ऐकलेला. जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्ड मोठ्या अक्षरांत होते, या डब्याचा उल्लेखच नव्हता. रॅमचीही एकच पट्टी. दोन सारख्या पट्ट्या असत्या तर प्रोसेसरला दुप्पट वाट मिळाली असती. भावाने आपल्या यंत्रातला एसएमपीएस तात्पुरता लावला. दोन तास तेच जड काम चालवले, यंत्र एकदाही बंद पडले नाही. या साऱ्याचे तारखेसह मोबाइलवर चित्रण केले.

हे चित्रण आणि ई-मेल घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीने चांगला एसएमपीएस पाठवला. सगळ्या प्रकारात दीड महिना गेला, आणि हप्ते मात्र वेळेवर कापले गेले. आमच्या मते पहिल्या आठवड्यातच, फोनवर नव्हे तर लेखी, ‘यंत्र बदलून द्या’ अशी मागणी झाली असती तर प्रकरण एवढे लांबले नसते.

आता अकोल्याच्या भावाकडे सगळे आलबेल होते असे कोणी समजू नये. त्याचा मदरबोर्ड पहिल्या दिवशीच मृत निघाला होता. दुकानदार म्हणे कंपनीकडे जा, कंपनी म्हणे आधी प्रोसेसर तपासा, आणि प्रोसेसरवाले तिसरेच. सुट्या भागांत प्रत्येकाची वॉरंटी वेगळी आणि दारही वेगळे. सर्व्हिस सेंटरसाठी अनेकदा नागपूर गाठावे लागते. बिघाड नेमका कशात आहे हे शोधण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली. पण एकदा शोधला की तेवढाच भाग जातो, बाकीचे यंत्र घरीच राहते. शिवाय प्रोसेसर, कार्ड यांची वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते. तयार यंत्रावर पुष्कळदा एकच वर्ष मिळते.

२०२४ साली जगभर गाजलेल्या एका प्रकरणात हा फरक स्पष्ट दिसला. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे यंत्रे कोसळू लागली. कंपनीने ऑगस्टमध्ये दुरुस्तीचे सॉफ्टवेअर दिले आणि खोक्यातून विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षे केली. ज्यांनी असा प्रोसेसर सुटा घेतला होता ते थेट इंटेलकडे जाऊ शकत होते. तयार यंत्रवाल्यांना मात्र यंत्र बनवणाऱ्याकडेच जावे लागले. यंत्र बनवणारा भला असेल तर ठीक.

आमच्या वऱ्हाडात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे उन्हाळा. मे २०२४ मध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा अकोल्यात उष्णतेपायी जमावबंदी लावावी लागली होती. खोलीचे तापमान जितके अंश वाढते जवळजवळ तितकेच आतल्या भागांचेही वाढते. एसीच्या खोलीत पंचवीस अंशांवर जे यंत्र सुरळीत चालले, ते टिनाच्या छताखाली बेचाळीस अंशांवर सतरा अंश जास्त तापणार. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आपण म्हणतो यंत्र मंद आहे. म्हणून समोर नुसती काच असलेले, हवा घ्यायला जागाच नसलेले कॅबिनेट आमच्याकडे कामाचे नाही. जाळीचे घ्यावे. कुलरच्या ओल्या झोतात यंत्र ठेवू नये, आणि कुलरच्याच बोर्डावर त्याची पिनही लावू नये. अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष संगणकाचा असेलच असे नाही, बहुधा घरच्या वायरिंगचा असतो.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण इथेच आमची माणसे मागे सरतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, अमरावतीच्या माणसाने अमरावतीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जावे, अकोल्याच्या माणसाने अकोल्याच्या. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन विकणाऱ्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावे असा २०२० चा नियम आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का पाहून घाबरू नये. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पक्के बिल न देणे हीदेखील तशीच. तेव्हा ‘बिलाविना दोन हजार कमी’ हा सौदा करू नये. ते दोन हजार म्हणजे आपल्या तक्रारीची किंमत.

मग कोणती वाट घ्यावी? घरात शिकायची हौस असलेले कोणी असेल, चार संध्याकाळी घालवायची तयारी असेल, तर आमचे मत असेंबल करण्याच्या बाजूने आहे. तसे कोणी नसेल तर तयार यंत्र घेण्यात कमीपणा नाही. मात्र एसएमपीएस, मदरबोर्ड आणि रॅम यांची कंपनी व मॉडेल बिलावर लिहून मागावे. लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याचे दुकान सोडावे. यंत्र खोक्यातून काढतानाच चित्रण करावे, पडद्याची तार मदरबोर्डला नव्हे तर ग्राफिक्स कार्डालाच लावावी, आणि परत करण्याची मुदत असेतो रोज दोन तास जड काम देऊन पाहावे.

जुने कार्ड स्वस्तात मिळते म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी जरा थांबावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते खणण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जगभरच्या बाजारात आली. जुनाट कार्डावर नव्याचे नाव चढवून विकण्याचाही धंदा चालतो. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी बरीच खोटी कार्डे ओळखते. दुकानदारासमोरच चालवून पाहावे.

भावाचे म्हणाल तर २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या, कारण एआयच्या मोठमोठ्या केंद्रांकडे माल वळला. अशा वेळी जुन्या साठ्यातले तयार यंत्र सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्तही पडू शकते. दोन्हीकडचे कोटेशन एकाच दिवशी घ्यावे, आणि तुलना करताना १८ टक्के जीएसटी दोन्हींत धरला आहे ना, हे पाहावे.