हळकुंडाच्या चकतीवर रेणूंचा नकाशा

रहिमतपूरच्या शिवारातलं ओलं हळकुंड आडवं कापून पाहा. मध्ये गाभा, त्याभोवती बारीक कडं, मग बाहेरचा थर; पिवळा रंग सगळीकडे सारखा नसतो. पूड तपासायला दिली की तिला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन किती टक्के ते कळतं. ते हळकुंडात कुठे होतं, हे मात्र दळतानाच पुसलं जातं. ते 'कुठे' सांगणारी पद्धत म्हणजे इमेजिंग मास स्पेक्ट्रोमेट्री.

तिचं रंगीत चित्र पाहून लोकांना तो फोटो वाटतो. तो फोटो नव्हे. पातळ चकतीवर ठिपक्याठिपक्याने लेसर मारतात आणि निघालेल्या आयनांचं वस्तुमान मोजतात. 50 मायक्रोमीटर अंतराने ठिपके घेतले, तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये 40,000 ठिपके होतात आणि प्रत्येकाची वस्तुमानांची यादी वेगळी. त्यातलं एक वस्तुमान निवडलं की संगणक नकाशा रंगवतो. रंग आपण दिलेला असतो. कर्क्युमिनचं वस्तुमान 368, त्याच्या दोन भावंडांचं 338 आणि 308. डोळ्यांना तिन्ही पिवळी, यंत्राला तीन वेगळी. पण वस्तुमान तंतोतंत सारखं असलेले दोन रेणू नुसत्या या मोजणीने ओळखता येत नाहीत. त्यासाठी रेणू फोडून त्याचे तुकडे तपासावे लागतात.

"जिथे रंग गडद तिथे पदार्थ जास्त" हेही सरसकट खरं नाही. शेजारचे क्षार आणि स्निग्ध पदार्थ एखाद्या रेणूचा संकेत दाबून टाकतात. प्रमाण सांगायचं तर ठाऊक मात्रेचे नमुने सोबत मोजावेच लागतात.

ही पद्धत माणसाच्या ऊतींवरही वापरतात, पण हे एमआरआयसारखं स्कॅनही नव्हे. रुग्णाला यंत्रात झोपवत नाहीत. शरीरातून काढलेला तुकडा गोठवून साधारण 10 मायक्रोमीटर जाडीचा काप घेतात. नेहमीच्या बायोप्सीसारखा तो मेणात बसवला, तर वापरलेल्या द्रावकांत बरेचसे स्निग्ध रेणू धुऊन जातात.

'माल्डी' या प्रकारात कापावर लेसर शोषणाऱ्या पदार्थाचा थर द्यावा लागतो. 2013 मध्ये इंग्लंडच्या शेफिल्ड हॅलम विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यासाठी चक्क कर्क्युमिन वापरलं, बोटांच्या ठशांवरसुद्धा! आपल्या हळदीतला रेणू असा दुसऱ्यांचा नकाशा काढायला उपयोगी पडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हळद विकणाऱ्यांना मात्र एवढंच सांगेन: भावासाठी कर्क्युमिनची टक्केवारी हवी असेल, तर पुडीची प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी पुरते. या नकाशासाठी पैसे घालवू नका.