एका दशांशाची किंमत

संख्यात्मक विश्लेषण म्हटलं की अभियांत्रिकीचे विद्यार्थी सूत्रं पाठ करू लागतात. मी त्यांना आधी सांगतो, एक भागिले तीन हे दशांशात पूर्ण लिहून दाखवा. ०.३३३... कुठं तरी थांबावंच लागतं. संगणक फक्त शून्य आणि एक वापरून आकडे लिहितो. त्या पद्धतीत आपला साधा ०.१ सुद्धा असाच न संपणारा. मग संगणक त्याची शेपटी कापतो.

एवढ्यानं काय बिघडतं? २५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथं अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी पॅट्रियट यंत्रणा सलग १०० तास चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होतं. एका दशांशामागे तफावत सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी; पण १०० तासांत दशांश होतात ३६ लाख! तफावत झाली ०.३४ सेकंद. तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून पुढं जातं. यंत्रणेनं ते भलतीकडेच शोधलं. २८ सैनिक मारले गेले. दुरुस्त केलेली प्रणाली पोचली, ती दुसऱ्या दिवशी.

म्हणून उत्तराइतकंच, ते किती चुकू शकतं हेही काढायला शिकलं पाहिजे. थेंबे थेंबे तळे साचे, हे चुकांनाही लागू आहे.