विश्लेषण : भामरागडची मुले पहाटे का धावतात?

भामरागडहून हेमलकसामार्गे आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजाडायच्या आत धावणारी मुले-मुली दिसली, की समजावे पोलीस भरती जवळ आली आहे. निदान तशी चर्चा तरी आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दीडशे किलोमीटरहून दूर, पर्लकोटेच्या पुरात वर्षानुवर्षे तुटत आलेल्या या तालुक्यात नियमित पगाराच्या नोकऱ्या मोजक्याच. म्हणून ही मुले धावतात, हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. नोकरी हवी असणारे पुष्कळ असतात. भरतीची जाहिरात लांबली तरी महिनोन्महिने पहाटे उठणारे त्यातले थोडेच. ते कशाच्या बळावर टिकतात?

पाच मिनिटे दहा सेकंदांचा हिशेब काय?

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण एका धावेचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलाने पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत अंतर कापले, मुलीने दोन मिनिटे पन्नास सेकंदांच्या आत, तर पूर्ण गुण. एक सेकंद उशीर झाला तरी गुण खालच्या टप्प्यात जातात. चारशे मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, अशा चार फेऱ्या, हा तो हिशेब. अंतर छोटे वाटते, पण या धावेतली बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या आधारे तयार होते. त्यामुळे नुसता वेग कामाचा नाही. दम वाढवायला रोज काही किलोमीटर संथ धावावे लागते, आणि कंटाळा येतो तो तिथेच.

आकडा माणसाला पळवतो का?

पळवतो. सुमारे एक कोटी मॅरेथॉन वेळांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन तास, चार तास अशा ‘गोल’ वेळांच्या जेमतेम आधी शर्यत संपवणाऱ्यांची गर्दी त्यात ठळक दिसली. चार तासांच्या आत पोहोचल्याने हौशी धावपटूला पगारवाढ मिळत नाही. तरी शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये तो जीव काढतो. भामरागडच्या मुलाच्या आकड्यामागे तर अख्खे घर उभे असते. मात्र आकडा फार दूर असला, तर तोच खचवतो. सहा मिनिटे लागणाऱ्याने एकदम ५:१० च्या मागे लागण्यापेक्षा पुढच्या महिन्यात ५:५० गाठावे.

नोकरी मिळाली की धावणे थांबते का?

अनेकांचे थांबते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांची मांडणी इथे उपयोगी पडते. बाहेरच्या बक्षिसासाठी केलेले काम बक्षीस संपताच सुटू शकते. पण आपण निवडलेले, आपल्याला जमू लागलेले आणि आपल्या माणसांसोबत केलेले काम अंगी मुरते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात गेला. सियाचिनमध्ये त्याची तैनाती झाली, नोकरी पक्की झाली. धावणे मात्र खऱ्या अर्थाने नंतर, २०१५ च्या सुमारास सुरू झाले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस आठ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण केली आणि राष्ट्रीय विक्रम दहाव्यांदा मोडला. पोटाचा प्रश्न सुटल्यावरही प्रत्येक वेळी त्याला हरवायचे होते ते स्वतःच्याच आधीच्या वेळेला. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत धावण्याकडे वळली, कारण त्याला साधने फारशी लागत नव्हती. २०१० मध्ये तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले.

एकट्याने धावावे की टोळीने?

टोळीने. ऑक्सफर्डमध्ये २०१० साली वल्हेपटूंवर एक प्रयोग झाला. तितकाच व्यायाम एकट्याने केल्यावर आणि एका तालात मिळून केल्यावर वेदना सोसण्याची क्षमता मोजली. मिळून केल्यावर ती अधिक वाढलेली आढळली. धावल्यानंतर येणाऱ्या सुखाचे श्रेय बरीच वर्षे एंडॉर्फिनला दिले जाई. अलीकडच्या प्रयोगांत कल एंडोकॅनाबिनॉइड या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनांकडे आहे. पण ते सुख धावायला लागल्यावरचे. पहाटे साडेचारला अंथरुणातून उठवते ती दारावरची मित्राची थाप. ‘चाल ना बे’ एवढे पुरते.

वय निघून गेले तर?

भरतीसाठी वयाची मर्यादा खुल्या गटाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षे. एकदा ती उलटली, की ५:१० या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही, आणि दोन-चार गुणांनी राहिलेल्यांना हे सर्वात जड जाते. त्यातले काही जण तरीही रस्त्यावर दिसतात. हातात घड्याळ धरून, धाकट्या भावाच्या फेऱ्या मोजत.