तिजोरीची किल्ली सभागृहाकडे, पण सभागृहात आपण कुठे?

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने १६२९ मध्ये संसद बरखास्त केली आणि पुढची अकरा वर्षे ती बोलावलीच नाही. कराला संसदेची मंजुरी लागे, म्हणून त्याने ‘जहाजपट्टी’सारख्या जुन्या वसुल्या ताणल्या. स्कॉटलंडशी युद्ध जुंपल्यावर तिजोरी आटली आणि १६४० मध्ये त्याला संसदेपुढे यावेच लागले. ४ जानेवारी १६४२ रोजी पाच सभासदांना पकडायला तो सैनिक घेऊन गेला; ते आधीच निसटले होते. त्याच ऑगस्टमध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले.

पैसा अडवण्याचे हेच हत्यार १९२४ साली नागपुरात उगारले गेले. आपली पारशिवनी तेव्हा मध्यप्रांतात. प्रांतिक कौन्सिलात स्वराज्य पक्षाचे बहुमत होते. त्यांनी मंत्रिपदे नाकारली, अर्थसंकल्प फेटाळला, मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये केला. मंत्री गेले. पण गव्हर्नर सर फ्रँक स्लाय चार्ल्ससारखे अडले नाहीत. राखीव खात्यांची नामंजूर रक्कम गव्हर्नरने स्वतःच्या सहीने पुन्हा मंजूर करावी, अशी सोय १९१९ च्या कायद्यातच होती. सोपीव खातीही त्यांनी आपल्या हाती घेतली.

ही सोपीव खाती म्हणजे शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य. आपल्या मुलांच्या शाळांचेच खाते या ओढाताणीत सापडले, आणि सभागृहात आपला आवाज किती? मताचा हक्क मालमत्ता आणि सारा पाहून मिळे. अस्पृश्यांचे प्रतिनिधी निवडून येत नसत, गव्हर्नर त्यांना नेमत असे. म्हणजे सभागृह ज्याच्याशी लढत होते, त्याच्याच सहीवर आपली खुर्ची! त्या माणसांना आज सरकारधार्जिणे म्हणणे सोपे आहे. त्यांच्यासाठी दुसरे दार कोणते उघडे होते?

इंग्लंडमध्ये तरी काय झाले? १६४७ मध्ये पटनीच्या चर्चमध्ये संसदेच्याच सैन्यात वाद झाला. गरिबातल्या गरिबाच्या संमतीशिवाय त्याच्यावर राज्य करता येत नाही, असे रेन्सबरो यांचे म्हणणे. मालमत्ता नसलेल्याला मत कशाला, असे आयर्टन यांचे. १६४९ मध्ये राजाचे मुंडके उडाले, गरिबाला मत मिळाले नाहीच.

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मतदानाची अट खाली आणण्याची मागणी केली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे थेट प्रौढ मतदानाची. राजा मोठा की सभागृह, याआधी सभागृहात कोण बसणार, हे त्यांनी विचारले. १९५१-५२ च्या निवडणुकीत शेतमजुराचे मत आणि मालगुजाराचे मत एकाच मोलाने मोजले गेले.