समुद्राचा रंग वाचताना

म्हैसूरहून समुद्र दिसत नाही. मधे घाट आडवा आहे. पण ‘आकाशवाणी’ हे नाव धारण करणारे नभोवाणी-केंद्र १९३५ साली ह्याच नगरीत निघाले. तेव्हा आकाशमार्गे येणारी विद्या इथे परकी नव्हे, असे म्हणून मी घरबसल्या, संगणकावरून, सागरी उपग्रहांच्या नोंदी वाचण्यास शिकू लागलो.

आपल्या ‘ओशनसॅट’ मालिकेतील तिसरा उपग्रह २६ नोव्हेंबर २०२२ रोजी अवकाशात गेला. त्याचा कॅमेरा समुद्राचा रंग तेरा तरंगपट्ट्यांत मोजतो. पाण्यातील वनस्पतिप्लवक वाढले, की त्यांचे हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते आणि पाणी हिरवट दिसते. प्लवक तेथे मासळीचा संभव. पृष्ठभागाच्या तापमानाची जोड देऊन हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था कोळीबांधवांना मासेमारीची संभाव्य क्षेत्रे कळवते. उपग्रहाच्या नोंदी ‘भूनिधी’ ह्या सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवून कोणासही मिळवता येतात.

मिळवणे सोपे, श्रोतेहो, वाचणे अवघड. रत्नागिरीसमोरच्या समुद्राचा नकाशा मी काढला आणि एका मोठ्या भागात हरितद्रव्य शून्य, सबब मासळी नाही, असे लिहून मोकळा झालो. शिक्षकांनी विचारले, “पाणी रिकामे आहे, की नोंद?” तिथे ढग होते! कॅमेऱ्याला ढगांपलीकडचे दिसत नाही. कोरा रकाना म्हणजे ‘निरंक’, ही वीस वर्षांची दफ्तरी सवय मला नडली. माझ्या भरवशावर हर्णैच्या एखाद्या तांडेलाने जवळची मासळी सोडून दूरवर डिझेल जाळले असते.

आता नकाशाआधी गुणवत्तेची चिन्हे उघडतो आणि लगतच्या दिवसांच्या नोंदी जुळवून पाहतो. आषाढात मात्र बहुतेक नकाशा कोराच राहतो.